बेनामी बंडखोर : ‘स्पार्टाकस’च्या श्रेयनामावलीचा इतिहास

१९५९च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध फुटबॉलचा सामना होता. प्रेक्षक सुमारे ७६ हजार. त्या दिवशी या प्रेक्षकांकडून खेळाशी काडीचाही संबंध नसलेल्या आरोळ्या ठोकून घेण्यात आल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. एक आरोळी क्रॅसस या रोमन सेनापतीच्या जयजयकाराची होती. दुसरी होती, ‘मी स्पार्टाकस आहे!’ हॉलिवूडमध्ये तयार होत असलेल्या एका भव्य चित्रपटाला हजारो कंठांचा आवाज हवा होता, आणि तो स्टुडिओच्या चार भिंतींत निर्माण होण्यासारखा नव्हता.

ज्या प्रसंगासाठी ही खटपट चालली होती तो प्रसंग चित्रपट न पाहिलेल्यांनाही ऐकून माहीत असतो. गुलामांचे बंड मोडले आहे. साखळदंडांनी जखडलेले कैदी टेकडीच्या उतारावर बसले आहेत. क्रॅससचा निरोप येतो : तुमच्यातला स्पार्टाकस कोण, जिवंत असो वा मेलेला, तो ओळखून दाखवा, तुम्ही क्रुसावर जाणार नाही. स्पार्टाकस उभा राहतो. पण त्याने तोंड उघडण्याआधीच शेजारचा तरुण अँटोनायनस ओरडतो, ‘मी स्पार्टाकस आहे!’ मग दुसरा उठतो, तिसरा उठतो, आणि पाहता पाहता सारी टेकडी तेच नाव घेऊ लागते.

मला ही कथा प्रथम भेटली ती हिंदीतून. हॉवर्ड फास्टच्या ‘स्पार्टाकस’ या कादंबरीचा अमृतराय यांनी केलेला ‘आदिविद्रोही’ हा अनुवाद मी आधी वाचला. चित्रपट पुष्कळ नंतर पाहिला. टेकडीवरचा तो प्रसंग पाहताना मला कादंबरीतले त्याचे पान आठवेना. घरी येऊन पुस्तक पुन्हा चाळले. तो प्रसंग त्यात नव्हताच. पुढे प्लुटार्क आणि ॲपियन या प्राचीन इतिहासकारांचे वृत्तान्त पाहिले, तिथेही नव्हता. मग तो आला कुठून? या प्रश्नाचा माग काढत गेलो तो रोममध्ये न पोहोचता वॉशिंग्टनच्या एका चौकशी समितीच्या दालनात जाऊन पोहोचलो. त्या प्रवासाची ही हकिकत.

शत्रूंनी जपलेले नाव

आधी इतिहास थोडक्यात. इ.स.पू. ७३मध्ये दक्षिण इटलीतल्या कापुआ शहरात लेंट्युलस बॅटिएटस नावाच्या माणसाच्या ग्लॅडिएटर शाळेतून काही गुलाम पळाले. प्लुटार्क त्यांची संख्या ७८ देतो. त्यांच्या हातात शस्त्रे म्हणून होत्या त्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया. त्यांच्या म्होरक्यांपैकी एक थ्रेस प्रांतातला स्पार्टाकस. हे लोक व्हेसुव्हियस डोंगरावर चढले. रोमन तुकडीने वाट अडवली तेव्हा रानवेलींच्या शिड्या विणून कड्यावरून उतरले आणि तिच्यावर मागून तुटून पडले. पुढची दोन वर्षे हजारो गुलाम त्यांना येऊन मिळत राहिले आणि रोमच्या फौजा एकामागून एक हरत राहिल्या. अखेर इ.स.पू. ७१मध्ये मार्कस लिसिनियस क्रॅससने त्यांचा पाडाव केला. स्पार्टाकस लढाईत पडला. त्याचे प्रेत सापडले नाही, असे ॲपियन सांगतो. जिवंत हाती लागलेल्या सहा हजारांना कापुआपासून रोमपर्यंत ॲपियन मार्गाच्या कडेने क्रुसांवर चढवण्यात आले. हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. हिशेब केला तर दर तीस-पस्तीस मीटरला एक क्रूस येतो.

हे सारे लिहिणारे लोक जेत्यांच्या जगातले, आणि तेही घटनेनंतर दीड-दोन शतकांनी लिहिणारे. गुलामांपैकी कोणी लिहिलेली एक ओळही उपलब्ध नाही. स्पार्टाकस, क्रिक्सस, ईनोमाऊस अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावे शत्रूच्या बखरीत राहिली. त्या सहा हजारांपैकी एकाचेही नाव राहिले नाही. एकोणिसाव्या शतकात कार्ल मार्क्सने ॲपियन वाचून एंगल्सला लिहिलेल्या पत्रात स्पार्टाकसचा गौरव केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात रोझा लक्झेम्बर्ग आणि तिच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या आपल्या क्रांतिकारक गटाला त्याचेच नाव दिले. विसाव्या शतकात हे नाव डाव्यांचे झाले ते असे. आणि ते अमेरिकेत एका तुरुंगातल्या कैद्यापर्यंत पोहोचले.

यादी न दिलेला कादंबरीकार

हॉवर्ड फास्ट (जन्म १९१४) हा न्यू यॉर्कमधल्या गरीब ज्यू कुटुंबातला मुलगा. चाळीसच्या दशकात तो अमेरिकेतला खपाचा ऐतिहासिक कादंबरीकार होता. ‘सिटिझन टॉम पेन’ आणि ‘फ्रीडम रोड’ या त्याच्या कादंबऱ्यांनी अमेरिकी क्रांती आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचा लढा हे विषय घरोघरी नेले. याच काळात तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य झाला. फ्रँकोच्या विजयानंतर स्पेनमधून परागंदा झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांना मदत करणाऱ्या एका समितीच्या कार्यकारिणीवरही तो होता.

१९४६मध्ये लोकप्रतिनिधी सभागृहाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ तपासणाऱ्या समितीने या मदत समितीकडे तिचे दफ्तर मागितले. दफ्तर म्हणजे देणगीदारांची आणि मदत मिळालेल्या निर्वासितांची नावे. निर्वासितांपैकी अनेकांचे नातलग अजून फ्रँकोच्या स्पेनमध्ये होते. कार्यकारिणीने नकार दिला. काँग्रेसच्या अवमानाचा खटला झाला, अपिले संपली आणि १९५०मध्ये कार्यकारिणीचे सदस्य तुरुंगात गेले. फास्टने वेस्ट व्हर्जिनियातल्या मिल पॉइंट इथे तीन महिन्यांची शिक्षा भोगली. ‘स्पार्टाकस’चे बीज त्या तुरुंगात पडले, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. त्याला पासपोर्ट नाकारलेला असल्यामुळे संशोधनासाठी इटलीला जाणेही शक्य नव्हते. रोम त्याने ग्रंथालयांत बसून उभे केले.

कादंबरीची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. ती सुरू होते तेव्हा बंड संपलेले असते. काही श्रीमंत रोमन तरुण-तरुणी ॲपियन मार्गाने सहलीला निघाली आहेत आणि दुतर्फा क्रूस उभे आहेत. स्पार्टाकस आधीच मेलेला आहे. तो आपल्याला दिसतो तो इतरांच्या आठवणींतून : त्याला विकत घेणाऱ्याच्या, त्याला हरवणाऱ्याच्या, त्याच्या बरोबर लढून आता क्रुसावर मरत असलेल्या डेव्हिडच्या. प्राचीन साधनांची जी अवस्था तीच फास्टने कादंबरीची रीत केली.

हस्तलिखित तयार झाले, पण प्रकाशक मिळेना. लिटल, ब्राऊन या संस्थेतल्या संपादकाला ते आवडले होते; परंतु गुप्तहेर खात्याकडून संस्थेवर दडपण आले, असे फास्टने सांगितले आहे. एकामागून एक दारे बंद झाली तेव्हा त्याने वाचकांकडून आगाऊ पैसे मागवले आणि १९५१मध्ये पुस्तक स्वतःच छापले. प्रकाशनपूर्व सवलतीच्या जोरावर ग्रंथ उभा करण्याची ही रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. फरक एवढाच, की इथे मागणी घालणारा वाचक आपले नाव-पत्ता एका संशयित माणसाच्या हाती देत होता. तरीही लोकांनी पैसे पाठवले, आणि पुस्तक हजारोंनी खपले.

बेनामी कारखाना

आता दुसऱ्या लेखकाकडे वळू. डाल्टन ट्रम्बो (जन्म १९०५) हा मूळचा कोलोराडोचा. ‘जॉनी गॉट हिज गन’ या १९३९च्या युद्धविरोधी कादंबरीमुळे त्याला साहित्यातही मान होता. हॉलिवूडमध्ये तर तो सर्वाधिक मोबदला घेणाऱ्या पटकथाकारांपैकी एक होता. ऑक्टोबर १९४७मध्ये त्याच चौकशी समितीने चित्रपटसृष्टीतल्या लोकांना बोलावले. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात किंवा कधी होता काय, या प्रश्नाला दहा जणांनी सरळ उत्तर दिले नाही. आमची मते विचारण्याचा अधिकारच तुम्हाला नाही, ही त्यांची भूमिका. हेच ‘हॉलिवूड टेन’. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर काँग्रेसच्या अवमानाचा ठपका आला, आणि लगोलग न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात स्टुडिओमालकांनी बैठक घेऊन त्यांना काम न देण्याचे जाहीर केले. काळी यादी सुरू झाली ती इथून. ट्रम्बो १९५०मध्ये केंटकीतल्या ॲशलंडच्या तुरुंगात गेला आणि दहा महिने तिथे राहिला. समितीचा त्या वेळचा अध्यक्ष जे. पार्नेल थॉमस हाही पुढे आर्थिक गैरव्यवहारासाठी तुरुंगात गेला, आणि ‘टेन’पैकी दोघे त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होते, ही इतिहासाची थट्टा.

१९५१पासून समितीने पुन्हा सुनावण्या घेतल्या. आता यादीतून सुटण्याचा मार्ग ठरून गेला होता : इतरांची नावे सांगायची. समितीला ती नावे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असत. माहिती मिळवणे हा हेतू दुय्यमच होता. माणसाने सर्वांसमक्ष आपल्या सोबत्याकडे बोट दाखवावे, हा त्या विधीचा गाभा होता. एलिया कझानसारख्या नामवंत दिग्दर्शकाने १९५२मध्ये नावे दिली आणि त्याचे काम चालू राहिले. फिलिप लोब हा दूरचित्रवाणीवरचा लोकप्रिय नट यादीत अडकला, बेकार झाला आणि १९५५मध्ये त्याने आत्महत्या केली.

लेखकांच्या बाबतीत मात्र एक पळवाट होती. नटाचा चेहरा लपत नाही. लेखकाचे नाव लपवता येते. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि पैसा मोजणारा दुसराच, अशा व्यवहाराला आपण बेनामी म्हणतो. हॉलिवूडमध्ये पटकथांचा तसाच बेनामी बाजार सुरू झाला. लेखक यादीतला, नाव कोणा बिनबोभाट मित्राचे किंवा कोणाचेच नाही. १९५२मध्ये तर लेखकांच्याच संघटनेने, समितीपुढे स्वतःला ‘स्वच्छ’ न केलेल्या लेखकाचे नाव पडद्यावरून गाळण्याची मुभा निर्मात्यांना दिली. यातली आर्थिक सोय उघड आहे. काळ्या यादीपूर्वी एका पटकथेला ७५ हजार डॉलर घेणारा ट्रम्बो तुरुंगातून सुटल्यावर, त्याच्याच हिशेबानुसार, दीड वर्षात अठरा पटकथा सरासरी १,७५० डॉलरला विकत होता. हुन्नर तोच, मेहनत दुप्पट, किंमत चाळिसाव्या हिश्श्याहूनही कमी. नाव गेले की माणसाची मजुरी किती उतरते, याचे इतके स्वच्छ गणित क्वचितच सापडते.

या बाजाराने ऑस्कर पारितोषिकांचीही फजिती केली. ‘रोमन हॉलिडे’च्या (१९५३) कथेचे ऑस्कर इयन मॅकलेलन हंटर या मित्राच्या नावावर गेले, कथा ट्रम्बोची होती. १९५७मध्ये ‘द ब्रेव्ह वन’ या चित्रपटाच्या कथेसाठी रॉबर्ट रिच या नावाचा पुकारा झाला, आणि कोणी पुढे आलेच नाही. पत्नीच्या बाळंतपणासाठी तो गेला असल्याचे सांगून लेखक संघटनेच्या प्रतिनिधीने बाहुली स्वीकारली. रॉबर्ट रिच नावाचा लेखकच अस्तित्वात नव्हता. तो ट्रम्बो होता. पुढच्या वर्षी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचे ऑस्कर मूळ फ्रेंच कादंबरीकार पिएर बूल याला मिळाले. इंग्रजी पटकथा त्याने लिहिलेली नव्हती. ती लिहिणारे कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन दोघेही यादीत होते. रोमन काळावरचाच दुसरा कादंबरीजन्य भव्यपट ‘द रोब’ (१९५३) घ्या : त्याच्या पटकथेत ‘टेन’पैकी अल्बर्ट मॉल्ट्झचा हात होता, पण पडद्यावर त्याचे नाव नव्हते. ख्रिस्ताच्या झग्याची कथा प्रेक्षक भक्तिभावाने पाहत होते आणि तिचा एक लेखक वाळीत टाकलेला होता.

सॅम जॅक्सनची पटकथा

कर्क डग्लसला ‘बेन-हर’मधली मुख्य भूमिका हवी होती. दिग्दर्शक विल्यम वायलरने ती चार्ल्टन हेस्टनला दिली आणि डग्लसपुढे खलनायक मेसालाची भूमिका ठेवली. डग्लसने ती नाकारली. त्यानंतर त्याचा सहकारी निर्माता एडवर्ड लुईस याने त्याच्या हाती फास्टची कादंबरी ठेवली. डग्लसचे मूळ नाव इस्सूर डॅनिएलोविच. बाप रशियन साम्राज्यातून आलेला, भंगार-चिंध्या गोळा करणारा ज्यू. आपल्या निर्मितीसंस्थेला त्याने आईचे ब्रायना हे नाव दिले होते. गुलाम ज्यूंच्या घामावर उभ्या राहिलेल्या इजिप्तच्या कथा ऐकत वाढलेल्या या माणसाला स्पार्टाकस जवळचा वाटला, यात नवल नाही.

पहिली पटकथा फास्टनेच लिहिली, तशी अटच होती. ती चित्रपटाच्या कामाची नाही, असे निर्मात्यांचे मत पडले. वेळही नव्हता : आर्थर कोस्लरच्या ‘द ग्लॅडिएटर्स’ या कादंबरीवरून, याच बंडाचा चित्रपट युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था योजत होती. झपाट्याने लिहू शकणारा माणूस हवा होता, आणि झपाट्यासाठी ट्रम्बोचे नाव, म्हणजे त्याची बिननावाची कीर्ती, सर्वांना ठाऊक होती. रात्री टबात बसून, फळीवर कागद ठेवून तो लिहीत असे. बाहेर ‘सॅम जॅक्सन’ हे टोपणनाव आणि कागदोपत्री लुईसचे नाव, अशी व्यवस्था झाली. कादंबरीकार फास्ट आणि पटकथाकार ट्रम्बो यांच्यात सख्य नव्हते. फास्टने ख्रुश्चेव्हच्या गौप्यस्फोटानंतर पक्ष सोडला होता आणि ते जाहीरही केले होते. ट्रम्बो गाजावाजा न करता बाहेर पडला होता. एकाच बंडाचे दोन लेखक एकमेकांकडे पाठ करून होते.

जानेवारी १९५९मध्ये चित्रीकरण सुरू झाले. काही आठवड्यांत दिग्दर्शक अँथनी मान याला काढून टाकण्यात आले आणि तिशीतला स्टॅनली कुब्रिक आला. डेथ व्हॅलीत मानने घेतलेली खाणीतली सुरुवातीची दृश्ये तेवढी राहिली. लॉरेन्स ऑलिव्हिए (क्रॅसस), चार्ल्स लॉटन (ग्रॅकस), पीटर उस्तिनोव (बॅटिएटस), जीन सिमन्स (व्हारिनिया) असे मातब्बर नट जमले. खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलरवर गेला. त्याच सुमारास युनिव्हर्सल स्टुडिओची सारी जागा एमसीए या संस्थेने सुमारे १ कोटी १२ लाखांना विकत घेतली होती. म्हणजे चित्रपट स्टुडिओच्या जागेपेक्षा महाग पडला. पुढचे नावाचे राजकारण समजण्यासाठी हा आकडा लक्षात ठेवायला हवा : एवढ्या रकमेवर बहिष्काराचे सावट कोणाला परवडणार?

मोठ्या लढाईसाठी पथक स्पेनला गेले. तिथे रोमन सैन्य म्हणून उभे राहिले ते स्पॅनिश लष्कराचे सुमारे आठ हजार सैनिक. फ्रँकोचे सैनिक! ज्या फ्रँकोपासून पळालेल्या निर्वासितांची नावे दिली नाहीत म्हणून फास्ट तुरुंगात गेला आणि ही कादंबरी जन्मली, त्याच फ्रँकोच्या फौजेने तिच्यातले जुलमी रोमन उभे केले. या विरोधाभासाची तेव्हा फार चर्चा झाल्याचे मला आढळले नाही. मला मात्र तो चित्रपटाच्या इतिहासातला सर्वांत बोलका योगायोग वाटतो.

नाव दिले कोणी?

टेकडीवरचा प्रसंग आता पुन्हा पाहा. सत्ता सांगते : एक नाव द्या, तुम्ही सुटाल. कैद्यांचे उत्तर नुसते मौन नाही. ते नाव देतात, पण इतक्या जणांच्या तोंडून देतात की त्या नावाचा सत्तेला उपयोगच उरत नाही. नावे मागणाऱ्या समित्यांपुढे न झुकल्याने तुरुंगात गेलेल्या दोन लेखकांच्या चित्रपटात हा प्रसंग यावा, याचा अर्थ समजायला टीकाकारांना फार वेळ लागला नाही. प्रसंगाची मूळ कल्पना आपली, असे डग्लसने पुढे सांगितले. ती कोणाचीही असो; तिला अर्थ दिला तो त्या दशकाने.

राहिला श्रेयनामावलीचा प्रश्न. डग्लसने आपल्या आठवणींत सांगितलेली हकिकत अशी : पडद्यावर पटकथाकार म्हणून कोणाचे नाव घालायचे, यावर बैठक चालली होती. लुईसला दुसऱ्याचे श्रेय घ्यायचे नव्हते. तेव्हा कुब्रिक म्हणाला, माझे घाला. डग्लसला त्याची किळस आली आणि ट्रम्बोचेच नाव द्यायचे त्याने ठरवले. वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, २०१२मध्ये, त्याने यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले आणि काळी यादी मोडल्याचे श्रेय त्याच्या उपशीर्षकातच घेतले.

कथा नाट्यमय आहे, पण तारखा तिला पुरती साथ देत नाहीत. जानेवारी १९५९मध्ये ऑस्करच्या संस्थेने, यादीतल्या लेखकांना पारितोषिक नाकारणारा आपला दोनच वर्षांपूर्वीचा नियम मागे घेतला. त्याच महिन्यात, रॉबर्ट रिच म्हणजे मीच, हे ट्रम्बोने उघड केले. त्याआधी दोन वर्षे तो वार्ताहरांना खेळवत होता. कुठल्याही चांगल्या चित्रपटाबद्दल विचारले की होय म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे, त्यामुळे प्रत्येक पटकथेवर त्याचा संशय येऊ लागला होता. यादीला शस्त्राने नव्हे, हशाने पोखरण्याची ही युक्ती. मग जानेवारी १९६०मध्ये दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरने ‘एक्झोडस’ची पटकथा ट्रम्बोची असल्याचे आणि तसे श्रेय देणार असल्याचे जाहीर करून टाकले. युनिव्हर्सलने ‘स्पार्टाकस’बाबत घोषणा केली ती त्यानंतर, ऑगस्टमध्ये. ट्रम्बोचे कुटुंबीय आणि लुईस यांच्या बाजूनेही डग्लसच्या एकहाती पराक्रमाला हरकत घेतली गेली.

तरीही डग्लसला खोटे पाडण्यात मला रस नाही. पैसा त्याचा अडकला होता, जोखीम खरी होती आणि ‘स्पार्टाकस’ ६ ऑक्टोबर १९६०ला न्यू यॉर्कमध्ये प्रदर्शित झाला तो ‘एक्झोडस’च्या आधी. मला गंमत वाटते ती वेगळीच. ज्या चित्रपटाचा सर्वोच्च क्षण ‘एकटा कोणीच स्पार्टाकस नाही’ असे सांगतो, त्याच्या निर्मितीचा इतिहास मात्र ‘मीच तो स्पार्टाकस’ या वादात अडकला. काळी यादी एका घावाने मोडली नाही. टोपणनावाने लिहीत राहिलेले लेखक, आपले नाव उसने देणारे मित्र, फजितीला कंटाळलेली ऑस्करची संस्था, एक हट्टी दिग्दर्शक, एक महत्त्वाकांक्षी नट, सर्वांनी ती थोडी थोडी झिजवली. आणि ज्या दिवशी नाव लपवणे हे छापण्यापेक्षा हास्यास्पद झाले, त्या दिवशी ते छापले गेले.

नाव आले, मजकूर गेला

नाव परत मिळाले म्हणजे लेखकाचे सारे मिळाले असे नव्हे. कच्ची जुळणी पाहून ट्रम्बोने एक दीर्घ टिपण लिहिले होते. त्याच्या मते चित्रपटात दोन स्पार्टाकस भांडत होते, एक मोठा आणि एक छोटा. मोठ्याचे बंड रोमला मुळापासून हादरवते. छोट्याचे बंड म्हणजे काही दुर्दैवी गुलामांची पळून जाण्याची धडपड. प्रदर्शित चित्रपटात मधले बहुतेक विजय पडद्यावर येत नाहीत. सुरुवातीची एक छावणी लुटली जाते आणि मग थेट शेवटचा पराभव. रोमच्या फौजांना दोन वर्षे धूळ चारणारा सेनानी मागे पडतो. उरतो तो कनवाळू, प्रेमळ, हरणारा नायक. हरणारा बंडखोर पडद्यावर सर्वांनाच चालतो.

नैतिकतेच्या पहारेकऱ्यांनीही कात्री चालवली. स्नानगृहात क्रॅसस अँटोनायनसला गोगलगायी आणि कालवे यांच्या आवडीनिवडीबद्दल विचारतो, तो सूचक संवाद गाळला गेला. १९६७च्या पुनःप्रदर्शनात आणखी बराच भाग गेला. १९९१मध्ये चित्रपटाची पुनर्बांधणी झाली तेव्हा स्नानगृहाचे दृश्य सापडले, पण त्याचा ध्वनी हरवला होता. ऑलिव्हिए १९८९मध्ये वारला होता. त्याच्या ओठांना आवाज दिला तो अँथनी हॉपकिन्सने. बेनामी लेखनाने सुरू झालेल्या चित्रपटात अखेर एक उसना आवाजही बसला.

एक गोष्ट मात्र कात्रीतून सुटली. वुडी स्ट्रोड या कृष्णवर्णीय नटाने केलेला ड्राबा आखाड्यात स्पार्टाकसला पाडतो, पण मारत नाही. हातातला त्रिशूळ वर बसलेल्या रोमन बड्यांच्या दिशेने फेकतो आणि त्यात स्वतः मरतो. बंडाची ठिणगी तिथे पडते. फेब्रुवारी १९६०मध्ये ग्रीन्सबरोच्या उपाहारगृहात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसले, आणि त्याच वर्षी हे दृश्य देशभर पाहिले गेले. ज्या देशात ही माणसे चित्रपट पाहत होती, तिथे गुलामीचा विषय दोन हजार वर्षांपूर्वीचा नव्हता.

खातेबदल

विरोध झालाच. माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेने आपल्या हजारो शाखांना पत्रे पाठवून चित्रपटावर बहिष्कार घालण्यास सांगितले. हेडा हॉपर या दबदबा असलेल्या स्तंभलेखिकेने झोड उठवली. पण नवे राष्ट्राध्यक्ष केनेडी फेब्रुवारी १९६१मध्ये वॉशिंग्टनच्या एका साध्या चित्रपटगृहात जाऊन तो पाहून आले, आणि बहिष्काराची हवा गेली. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली आणि तो युनिव्हर्सलचा तोवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. काळी यादी मात्र त्यामुळे एका रात्रीत संपली नाही. ‘टेन’पैकी अल्बर्ट मॉल्ट्झचे नाव पडद्यावर यायला १९७० साल उजाडावे लागले, ‘द रोब’च्या श्रेयात ते घातले गेले १९९७मध्ये, तेव्हा तो हयात नव्हता. ‘क्वाय’च्या लेखकांना ऑस्कर मिळाले १९८४मध्ये, तेव्हा दोघेही वारले होते. ट्रम्बोने १९७०मधल्या एका भाषणात, त्या काळात नायक-खलनायक शोधू नका, सगळेच बळी होते, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि जुन्या सोबत्यांपैकी काहींचा रोष ओढवून घेतला. नावे सांगणारा आणि नावे न सांगितल्याने उपाशी राहिलेला, दोघे एकाच पारड्यात कसे, हा त्यांचा सवाल रास्त होता. मला ट्रम्बोचे औदार्य कळते. पटते ते त्याच्या सोबत्यांचे म्हणणे.

रॉबर्ट रिचची बाहुली ट्रम्बोच्या हाती १९७५मध्ये पडली, मृत्यूच्या एक वर्ष आधी. ‘रोमन हॉलिडे’ची १९९३मध्ये त्याच्या पत्नीने स्वीकारली. पण त्या चित्रपटाच्या पटकथेच्या श्रेयात त्याचे नाव अजूनही नव्हते. ते डिसेंबर २०११मध्ये आले, चित्रपट निघाल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी. त्यासाठी ट्रम्बोच्या मुलाबरोबर खटपट करणारा दुसरा माणूस होता हंटरचा मुलगा. ज्याच्या नावावर ती मिळकत चढली होती त्याच्या वारसाने स्वतः जाऊन सांगितले, की हे आमच्या वडिलांचे नव्हे, ज्याचे त्याच्या नावावर करा. आपल्याकडच्या बेनामी व्यवहारांत असा शेवट मी तरी ऐकलेला नाही.